शाळेतलं शौचालय बंद का पडतं?

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत आज शौचालय बांधलेलं आहे. पण कुठे त्याला कुलूप असतं, कुठे भांड्यात दगड आणि पालापाचोळा पडलेला असतो, कुठे दार बिजागरीतून निखळून भिंतीला टेकवलेलं असतं. मुलं कुंपणापाशी जातात. मुली बाभळींचा आडोसा शोधतात, नाहीतर शाळा सुटेपर्यंत कळ काढतात.

'असर' या शिक्षणाच्या स्थितीवरच्या अहवालासाठी देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली जाते. मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह २०१० मध्ये जवळपास ३३ टक्के शाळांत सापडलं होतं. २०१८ मध्ये हा आकडा ६६.४ टक्के झाला, २०२२ मध्ये ६८.४ आणि २०२४ मध्ये ७२. म्हणजे पहिल्या आठ वर्षांत तो दुप्पट झाला आणि पुढच्या सहा वर्षांत साडेपाच टक्क्यांनी सरकला. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. बांधकामानं जेवढं साधण्यासारखं होतं, त्यातलं बरंचसं साधून झालंय. राहिलंय ते रोज चालवण्याचं काम, आणि त्यासाठी आपण ना पैसा बाजूला काढला ना माणूस नेमला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी, या गोष्टी त्याच्या परिशिष्टातच आहेत आणि शाळांना त्यासाठी तीन वर्षांची मुदत होती. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत ही सोय करायला सांगितलं. मग १५ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली आणि वर्षभरात २,६१,४०० शाळांत ४,१७,७९६ शौचालयं झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्यातला मोठा वाटा सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांनी उचलला होता.

याच कंपन्यांनी बांधलेल्या शौचालयांपैकी २,६९५ शौचालयं 'कॅग'च्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, तपासनिसांनी जाऊन पाहिली. तो अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेपुढे आला. पूर्ण झाली म्हणून दाखवलेली २०० शौचालयं जागेवर नव्हतीच, ८६ अर्धवट होती. ही बातमी गाजली. मला मात्र त्यातले दुसरे आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. जी बांधली गेली होती, त्यातल्या ७२ टक्के शौचालयांत आत पाण्याची सोय नव्हती, ५५ टक्के ठिकाणी हात धुवायची सोय नव्हती आणि ७५ टक्के ठिकाणी दिवसातून एकदाही सफाई होत नव्हती. पाणी नाही आणि सफाई नाही, अशा शौचालयाला महिन्याभरात कुलूप लागणारच. त्याबद्दल मुख्याध्यापकांना दोष देऊन काही हाती लागत नाही.

मधल्या सुट्टीचा हिशेब

वर सांगितलेल्या मोहिमेचा, म्हणजे स्वच्छ विद्यालय अभियानाचा, निकष असा आहे : साधारण ४० विद्यार्थ्यांमागे एक युनिट, आणि एका युनिटमध्ये एक शौचकूप व तीन मुताऱ्या. मुला-मुलींचं वेगवेगळं. हा आकडा रुक्ष वाटतो, पण छोट्या सुट्टीच्या दहा मिनिटांत बसवून पाहा.

समजा शाळेत ८० मुली आहेत आणि त्यांच्यासाठी एकच भांडं चालू आहे. आत जाणं, कडी लावणं, सलवार सावरणं, पाणी टाकणं, बाहेर येणं, याला दोन मिनिटं तरी लागतात. दहा मिनिटांत पाच मुलींचा नंबर लागेल. निम्म्याच मुलींना जायचं असलं, तरी सगळ्यांचं व्हायला ८० मिनिटं हवीत. निकषाप्रमाणे दोन युनिटं असती, तर दोन शौचकूप आणि सहा मुताऱ्या मिळून आठ जागा झाल्या असत्या आणि त्याच ४० मुली दहा मिनिटांत मोकळ्या झाल्या असत्या. 'आमच्याकडे मुलींचं स्वतंत्र शौचालय आहे' हे वाक्य म्हणून अपुरं आहे. किती मुलींमागे किती जागा चालू आहेत, हे विचारावं लागतं. तपासणीच्या नमुन्यात 'आहे/नाही' असा रकाना असला की हा प्रश्न निसटतो.

रांग लागणार हे माहीत असलं की मुली त्यावर एक उपाय काढतात. त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बाटली भरून आणतात आणि तशीच परत नेतात. मग डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. मराठवाड्या-विदर्भात मार्चमध्ये पत्र्याच्या वर्गात सहा तास पाण्याविना बसायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या मुलींच्या बाबतीत स्वतंत्र शौचालयाचा फरक थेट पटावर दिसतो. २००३ च्या सुमारास भारतात शाळांत शौचालयं बांधण्याचा मोठा कार्यक्रम झाला होता. त्याच्या आकडेवारीवर शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासक अंजली अदुकिया यांनी २०१७ मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. लहान वयाच्या मुलामुलींची पटसंख्या कुठलंही शौचालय आल्यावर वाढली, मग ते सामाईक का असेना. वयात आलेल्या मुलींची पटसंख्या मात्र स्वतंत्र शौचालय असेल तिथेच ठळकपणे वाढली. सामाईक शौचालयानं त्यांचा प्रश्न सुटला नाही.

पाणी कुठून येतं आणि कोण भरतं

आता पाण्याचा ढोबळ हिशेब मांडू. शाळेत १०० मुलं आहेत. पिण्यासाठी दर मुलामागे दीड लिटर धरलं तर १५० लिटर. जेवणाआधी आणि शौचालयानंतर हात धुवायला २०० लिटर. प्रत्येक मूल दिवसात दोनदा गेलं आणि दर वेळी दोन लिटर वापरलं तर ४०० लिटर. खिचडीची भांडी, ताटं आणि फरशी धुवायला आणखी दीडशे. झाले ९०० लिटर. म्हणजे हजार लिटरची टाकी रोज भरली पाहिजे. दिवसाच्या शाळेसाठी भारतीय मानकात दर विद्यार्थ्यामागे ४५ लिटर धरलेले आहेत. ते दूर राहिलं, काटकसरीचे हे नऊ लिटरसुद्धा पुष्कळ शाळांना मिळत नाहीत.

टाकी असते, पण भरत नाही. बोअर फेब्रुवारीतच आटतं. मोटर जळाली तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, यावर महिना जातो. वीजबिल थकलं की जोडणी तुटते. जल जीवन मिशनमध्ये ऑक्टोबर २०२० पासून शाळा आणि अंगणवाड्यांना नळ देण्याची खास मोहीम झाली, त्यामुळे नळ पुष्कळ ठिकाणी पोचलाय. पण गावाचं पाणी सकाळी सहाला सुटतं आणि शाळा साडेदहाला भरते. सहा वाजता शाळेचा कॉक उघडायला कोण जाणार? जिथे गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यानं हे काम अंगावर घेतलंय, किंवा टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवून नळ चालूच ठेवलाय, तिथे शौचालय चालतं. दोन-तीनशे रुपयांच्या या व्हॉल्व्हवर अख्ख्या शौचालयाचं नशीब ठरताना दिसतं.

नळ आत नेता येत नसेल, तर प्रत्येक शौचकूपात एक छोटा हौद बांधून तो रोज सकाळी भरावा. बाहेरून बादली उचलून न्यावी लागली की लहान मुलं पाणी टाकत नाहीत आणि मोठ्या मुलींना सगळ्यांसमोर बादली घेऊन जायला लाज वाटते. हात धुतलेलं पाणी पाइपानं मुतारीच्या पन्हाळीत सोडणं हीसुद्धा साधी युक्ती आहे. मुतारीचा उग्र वास येतो तो साचलेल्या लघवीत जिवाणू अमोनिया तयार करतात म्हणून. पन्हाळीला नीट उतार असेल आणि दिवसभर थोडं थोडं पाणी वाहत राहिलं, तर तो वास निम्म्याहून कमी होतो.

जमिनीखालचं काम

शौचालयाचं खरं काम जमिनीखाली चालतं, आणि नेमकं तेच उद्घाटनाच्या दिवशी कुणी पाहत नाही.

कंत्राटदाराला सेप्टिक टँक ओळखीचा असतो, म्हणून तो सेप्टिक टँक बांधतो. टँकमध्ये गाळ साचतो आणि तो काही वर्षांनी गाडी बोलावून उपसावा लागतो. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेची गाडी मिळते. डोंगरातल्या पाड्यावर ती पोचत नाही, पोचली तर भाडं शाळेला परवडत नाही. टँक तुंबला की भांड्यात पाणी वर येतं आणि दाराला कुलूप लागतं.

खेड्यातल्या शाळेला बहुतेक वेळा दोन खड्ड्यांचं शौचालय जास्त सोयीचं. दोन शोषखड्डे शेजारी शेजारी. भिंती जाळीदार विटांच्या, तळ मोकळा, वर घट्ट झाकण. भांड्यातून येणारी नळी मधल्या चेंबरमध्ये येते आणि तिथून एका वेळी एकाच खड्ड्यात सोडतात. पाणी आणि वायू मातीत मुरतात, घट्ट भाग खाली राहतो. पहिला खड्डा भरला की चेंबरमधलं तोंड बंद करून प्रवाह दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवायचा. तेवढ्या काळात त्यातल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. कुणालाही ओल्या मैल्याला हात लावावा लागत नाही, ही या रचनेतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईच्या कामात उभं आयुष्य घालवलं आणि गावकऱ्याला परवडेल असा 'सोपा संडास' तयार केला. देहूत डॉ. मापुसकरांनी तेच काम अनेक दशकं पुढे नेलं. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. इतकं घरचं ज्ञान हाताशी असताना शाळेला न झेपणारे टँक बांधत राहणं मला पटत नाही.

खड्डे मात्र जमीन बघूनच घ्यावे लागतात. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा मोठा आणि भोवती वाळूचा जाड थर हवा. कोकणात पावसाळ्यात भूजल वर येतं, तिथे खड्डा उथळ आणि जोतं उंच ठेवावं लागतं. विहीर किंवा हातपंप किमान १० ते १५ मीटर लांब हवा, आणि भेगाळलेल्या खडकात त्याहूनही जास्त. घरगुती मापाचा खड्डा शेकडो मुलांच्या शाळेला पुरणार नाही, तेव्हा पंचायत समितीच्या अभियंत्याकडून शाळेच्या पटाप्रमाणे माप काढून घ्यावं.

भांड्याकडेही लक्ष द्या. ग्रामीण भांड्याला तीव्र उतार असतो आणि त्याच्या कोंबड्यात, म्हणजे खालच्या वाकड्या नळीत, फक्त २० मिलिमीटर पाणी अडतं, म्हणून दीड-दोन लिटरमध्ये सगळं वाहून जातं. शहरी पद्धतीच्या भांड्याला त्याच्या कितीतरी पट पाणी लागतं. हार्डवेअरच्या दुकानात जे मिळालं ते बसवलं, की पाण्याचा वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

सफाई कोण करणार

या विषयातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिपाई नसतो. दोन शिक्षक, चार वर्ग, आणि त्यातच पोषण आहाराच्या नोंदी. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. छोट्या शाळेसाठी हे झाले वर्षाला १,००० रुपये. शाळेचे २०० दिवस धरले तर दिवसाला पाच रुपये. यात ब्रश, पावडर आणि हात धुवायचा साबण आणायचा. सफाई करणाऱ्याला दिवसाला ५० रुपये द्यायचे म्हटले, तर वर्षाचं सगळं अनुदान त्यातच संपतं. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती मग कशातून?

शाळेच्या पैशातून हे भागत नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचा रस्ता ग्रामपंचायतीकडे जातो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, होता. त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. शाळेच्या शौचालयाचं काम गावाच्या विकास आराखड्यात लिहिलेलं असेल तरच ते त्या पैशातून होतं. नवीन निधीचे नियम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून आराखडा ठरण्याआधीच विचारून घ्यावेत. आणि गावात सफाई कर्मचारी असेल तर त्याच्या रोजच्या फेरीत शाळेचं नाव ठरावानं घालून घ्यावं, कामाचा मोबदला आणि हातमोजे-बूट यांच्यासह.

पैसा नाही, माणूस नाही, तेव्हा काही ठिकाणी काम मुलांवर येतं. सगळ्या मुलांनी मिळून अंगण झाडणं वेगळं. शौचालय घासायला ठरावीक वस्तीतल्या, ठरावीक जातीच्या मुलांनाच पाठवणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो घडतो. त्या मुलाला चारचौघांत काय शिकवलं जातंय, हे सांगायला शब्द लागत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला बंदी घालतं. पालकांनी यावर गप्प बसू नये. शाळेत गेलात की मुलांना सहज विचारा, 'इथली सफाई कोण करतं?' उत्तर लगेच मिळतं.

सफाईची रीत अवघड नाही. रोज पाणी, कपड्याची पावडर आणि लांब दांड्याचा ब्रश पुरतो. ॲसिड वापरू नका. त्यानं फरशी खरबरीत होते आणि मग घाण जास्त चिकटते, सिमेंटचे सांधे उघडे पडतात आणि खड्ड्यात मैला कुजवणारे जिवाणूही मरतात. भरमसाठ फिनेल ओतल्यानंही तेच होतं.

कडी, खुंटी आणि किल्ली

सातवीतल्या मुलीच्या बाजूनं एकदा त्या खोलीत शिरून पाहा. आतली कडी लागते का? दाराच्या खाली वीतभर फट आहे का? छताखालच्या झरोक्यातून बाहेरचं कुणी डोकावू शकतं का? ओढणी आणि कपडे अडकवायला खुंटी आहे का? पाळीच्या दिवसांत पॅड बदलायचा तर तो ठेवायला कोरडी फळी, हात धुवायला आतच पाणी आणि वापरलेला पॅड टाकायला झाकणाचा डबा लागतो. यातलं काहीच महाग नाही. पण अंदाजपत्रकात ते नसतं, कारण अंदाजपत्रक करताना कुणी मुलींना विचारलेलं नसतं.

किल्ली कुणाकडे असते, हा तर कळीचा प्रश्न. कुलूप लावतात ते शाळा सुटल्यावर बाहेरचे लोक येऊन घाण करतात म्हणून, आणि ती अडचण खरी आहे. पण शाळेच्या वेळातही कुलूप असेल आणि किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात असेल, तर तेरा वर्षांची मुलगी भर वर्गात उठून ती मागायला जाणार नाही. ती घरी जाईल, किंवा महिन्यातले ते चार दिवस येणारच नाही. शाळा भरताना कुलूप निघालं पाहिजे आणि सुटेपर्यंत लागता कामा नये.

राज्यात ८ मार्च २०१८ ला 'अस्मिता' योजना सुरू झाली होती. जिल्हा परिषद शाळांतल्या किशोरींना बचत गटांमार्फत आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळायचं. पॅड हातात आला, तरी बदलायला जागा लागतेच. पॅड जाळायची विजेवरची यंत्रंही पुष्कळ शाळांत बसवली गेली, पण वीज आणि दुरुस्ती यांच्याअभावी यंत्र बंद पडलं की ते नुसतं भिंतीवर राहतं. उघड्यावर कमी आचेत पॅड जाळले तर त्यातल्या प्लॅस्टिकचा धूर घातक. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकणं आणि तो डबा ठरलेल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत जाणं, ही व्यवस्था साधी आणि टिकाऊ आहे.

पहिलीतल्या मुलांची अडचण निराळी. कडीला हात पुरत नाही, अंधाराची भीती वाटते, मोठ्यांच्या भांड्यावर पाय फाकून बसता येत नाही. एखादं कमी रुंदीचं भांडं, खाली बसवलेली कडी आणि भिंतीला पांढरा रंग एवढ्यानं ती आत जायला लागतात. दिव्यांग मुलांसाठी उताराचा रस्ता, धरायला दांडा आणि कमोड लागतो. उतार पुष्कळदा व्हरांड्यापर्यंत असतो, शौचालयापर्यंत नसतो.

आदिवासी भागातल्या आश्रमशाळांना हे सगळं अनेक पटींनी लागू होतं, कारण मुलं तिथे राहतात. दिवसाच्या शाळेला ४५ लिटर, तर निवासी शाळेला मानकाप्रमाणे माणशी १३५ लिटर पाणी लागतं. रात्री शौचालयापर्यंत जायच्या वाटेवर दिवा हवा, आणि ते वसतिगृहाला लागून हवं. आश्रमशाळेला भेट देणाऱ्यानं दिवसा नुसतं पाहून परतू नये, अंधार पडल्यावर त्या वाटेनं एकदा चालून बघावं.

विचारायचं कुणाला आणि कधी

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. आयांनी मिळून शौचालय आतून पाहायचं आणि जे दिसलं ते समितीच्या ठरावात लिहायचं : किती भांडी चालू, किती बंद, पाणी कुठपर्यंत, कडी आहे की नाही. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना. तोंडी तक्रारीची पोच मिळत नाही, ठरावाची मिळते. 'यूडायस' या शाळांच्या माहितीच्या सरकारी नमुन्यात शौचालयं किती आणि त्यातली चालू किती, हे शाळेनं दरवर्षी भरायचं असतं. तिथे 'चालू' लिहिलं गेलं, तर वरून पैसा यायचं कारणच राहत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना खरं लिहायचा धीर द्या आणि समिती त्यांच्या पाठीशी आहे हे दिसू द्या.

वेळ साधायची तर १ मेची ग्रामसभा सोडू नका. तिच्यात ठराव झाला, तर शाळा भरेपर्यंत दीड महिना हातात असतो. मुलं नसतात, खड्डे कोरडे असतात, गवंडी मोकळा असतो. भांडं बदलणं, चेंबर उघडून प्रवाह दुसऱ्या खड्ड्यात वळवणं, टाकी धुणं, फ्लोट व्हॉल्व्ह आणि कड्या बसवणं, हे सगळं तेवढ्यात होतं. सुट्टीत कोंबड्यातलं पाणी आटून गेलेलं असतं आणि खड्ड्यातला वास थेट वर येतो. तेव्हा जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन कोपऱ्यात विंचू-साप नाही ना ते पाहावं, आणि प्रत्येक भांड्यात बादलीभर पाणी ओतावं.